स्टिअरिंग सरळ, गाडी शहाणी: फोक्सवॅगन डिझेल प्रकरणाचा अभ्यास

प्रदूषण चाचणीसाठी गाडी रोलरवर चढवली की पुढची चाकं ताशी शंभरने फिरतात, मागची जागेवर उभी राहतात आणि स्टिअरिंगला कुणी हात लावत नाही. वळणार कुठे, चारी बाजूंना प्रयोगशाळेच्या भिंती. रस्त्यावर मात्र पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंतच स्टिअरिंग दोन-तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलेलं असतं. स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असतोच, वळणावर गाडी घसरू नये म्हणून. फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांत त्याला आणखी एक काम दिलं गेलं: गाडी परीक्षेला बसली आहे का, हे ओळखायचं.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कंपनीला नियमभंगाची नोटीस दिली. त्या देशातल्या सुमारे ४,८२,००० गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. चार दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की अशी प्रणाली असलेल्या गाड्या जगभरात १ कोटी १० लाख आहेत. दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबरला, प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले.

हे प्रकरण नीतिशास्त्राच्या तासाला नेहमी निघतं आणि 'लोभ वाईट' या वाक्यावर संपतं. तेवढ्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथे लिहिलेला कोड तसा साधाच होता. त्यातली प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर कुणाच्या डोळ्यांत खुपली नसती. खोट कशात होती, ती कुणाकुणाच्या टेबलावरून गेली आणि कुठे अडवता आली असती, ते इथे पाहू.

अडचण खरी होती

डिझेल इंजिनात हवा भरपूर आणि तापमान चढं. त्यात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. बोलण्यात सगळे त्याला नॉक्स म्हणतात. तो कमी करायचे तीन मुख्य मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते.

पहिला ईजीआर. जळून बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडायचा. ज्वलन थंडावतं, नॉक्स घटतो, पण काजळी वाढते. ती काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते आणि गाळणी लवकर भरली की ती वारंवार तापवून जाळून साफ करावी लागते. दुसरा मार्ग नॉक्स पकडून ठेवणारा सापळा. तो भरला की थोडा वेळ जास्त डिझेल सोडून रिकामा करायचा; म्हणजे मायलेज गेलं. तिसरा एससीआर, त्यात युरियाचं पाणी धुराच्या नळीत फवारतात. हा सर्वांत परिणामकारक, पण टाकी, पंप, नळ्या आणि युरिया या सगळ्याला पैसे लागतात. शिवाय फवारा जितका जास्त तितकी टाकी लवकर रिकामी. ग्राहकाने सर्व्हिसिंगच्या मधे स्वतः युरिया भरायला जावं, हे विक्री विभागाला नको असतं.

अमेरिकेने २००७ च्या सुमारास लागू केलेली नॉक्सची मर्यादा होती मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ४३ मिलिग्रॅम. युरोपात २००९ नंतरच्या युरो ५ मध्येही डिझेल गाडीला १८० मिलिग्रॅमची मुभा होती. जी गाडी घरच्या नियमात आरामात बसत होती, तिला अमेरिकेत चौपट कडक नियमात बसायचं होतं. तेही मायलेज, ताकद, किंमत आणि 'क्लीन डिझेल' ही जाहिरात यांतलं काहीच न सोडता.

कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी केलेल्या गुन्हेकबुलीच्या करारासोबत वस्तुस्थितीचं एक निवेदन आहे. तारखांबाबत त्याच्याइतका भरवशाचा कागद नाही. त्यातून दिसतं ते असं: २००६ मध्येच इंजिन विभागातल्या वरिष्ठांना कळलं होतं की नवी मर्यादा आणि बाजाराची अपेक्षा दोन्ही एकाच इंजिनात जमत नाहीत. 'जमत नाही' असं वर कळवायचं, की जमल्याचं दाखवायचं, एवढेच दोन पर्याय उरले. दुसरा निवडला गेला. काही इंजिनीअरांनी हरकत घेतली. त्यावर झालेल्या बैठकीत वरिष्ठाने काम पुढे न्यायला सांगितलं आणि पकडले जाऊ नका, अशा अर्थाची सूचना दिली.

तंत्रज्ञान त्या वेळी हाताशी नव्हतं, असं मात्र नाही. पुढे रस्त्यावरच्या चाचणीत युरिया फवारणारी बीएमडब्ल्यूची एक्स५ जवळपास सगळीकडे मर्यादेत राहिली. फोक्सवॅगनच्या पॅसाटमध्येही युरियाची टाकी होतीच. रस्त्यावर फवारा पुरेसा चालत नव्हता, इतकंच.

कोड काय करत होता

युरोपातली तेव्हाची प्रमाणित चाचणी, एनईडीसी, ११८० सेकंदांची. एकूण अंतर ११ किलोमीटर, सर्वाधिक वेग १२०. कितव्या सेकंदाला वेग किती हवा, हे आधीच छापलेलं. भारतातली चाचणी याच आराखड्याची, फक्त वेगाची कमाल ९०. अशी चाचणी म्हणजे फुटलेली प्रश्नपत्रिका.

इंजिन चालवणारं युनिट बॉश कंपनीचं, ईडीसी१७ घराण्यातलं. बोखुम आणि सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये शेकडो फर्मवेअर, म्हणजे युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासून यंत्रणा उलगडून दाखवली. गाडी सुरू झाली की वेळ आणि कापलेलं अंतर यांचा हिशेब सुरू होतो. मेमरीत वक्ररेषांच्या जोड्या असतात, एक वरची आणि एक खालची. एखाद्या जोडीच्या मधोमध अंतर वाढत राहिलं तर गाडी त्या चाचणीवर आहे असं मानायचं. अंतर सगळ्याच जोड्यांच्या बाहेर गेलं की एक झेंडा, म्हणजे कोडमधली हो-नाही सांगणारी खूण, खाली पडतो आणि ईजीआर, युरियाचा फवारा, इंधन सोडण्याची वेळ या सगळ्यांचे तक्ते बदलतात. ईपीएच्या नोटिशीत या ओळखीसाठी वापरलेल्या खुणा दिल्या आहेत: स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब.

रोलर ओळखणं हा स्वतः गुन्हा नाही, हे इथेच सांगायला हवं. दोन चाकं फिरताहेत आणि दोन थांबली आहेत हे पाहून घसरण रोखणारी प्रणाली ब्रेक मारायला धावेल, म्हणून अनेक गाड्यांत रीतसर रोलर मोड असतो. ओळखीच्या त्या निकालाला धुराच्या तक्त्यांशी जोडणं, ही खोट.

आणि त्या झेंड्याचं नाव? कागदपत्रांत त्याला 'अकूस्टिक', म्हणजे आवाजाशी संबंधित फंक्शन म्हटलं होतं. या नावाला इतिहास आहे. फोक्सवॅगन समूहातल्याच आउडीच्या ३ लिटर डिझेलचा सुरुवातीचा खडखडाट कमी करायला थोडं जास्त इंधन सोडलं जाई. त्याने प्रदूषण वाढे, म्हणून चाचणी ओळखून ते बंद ठेवण्याची सोय केली होती. तीच सोय पुढे उसनी घेतली गेली. आवाजाशी संबंध उरला नाही, नाव तेच राहिलं. नंतर रुजू झालेल्या माणसाने कागद वाचला तर त्याला वाटणार आवाजाचं काहीतरी असेल. कोड वाचणाऱ्याची दिशाभूल करायला खोटी टिप्पणी लिहावी लागत नाही. जुनं नाव तसंच ठेवलं तरी पुरतं.

मग खरोखरच बिघाड येऊ लागले. २०१२ च्या सुमारास गाड्यांच्या एक्झॉस्टमधले भाग, विशेषतः गाळण्या, अपेक्षेआधी निकामी होऊ लागल्या. इंजिनीअरांचा अंदाज असा की गाड्या रस्त्यावरही वाजवीपेक्षा जास्त वेळ चाचणीच्या मोडमध्ये राहताहेत आणि तो मोड दीर्घकाळ चालवण्यासाठी बनवलेलाच नाही. जरा थांबून विचार करा. ग्राहकाला जी गाडी विकली होती ती सतत स्वच्छ चालली असती तर मोडली असती. फसवणूक फक्त कागदावर नव्हती, ती सुट्या भागांच्या आकारात आणि आयुष्यात मुरलेली होती.

जुलै २०१२ मध्ये इंजिनीअरांनी दोन वरिष्ठांना वेगवेगळ्या बैठकांत हे समजावून सांगितलं. निवेदनानुसार दोघांनीही समजावण्यासाठी आणलेला कागद नष्ट करायला सांगितलं. त्यानंतर दुरुस्ती झाली, पण उलट्या बाजूने. गाडी आता रस्त्याच्या मोडमध्ये सुरू होणार आणि चाचणी ओळखली तरच स्वच्छ मोडमध्ये जाणार. ओळख पक्की व्हावी म्हणून स्टिअरिंगच्या कोनाची खूण त्याच वेळी आली. २०१३ पासून ती नव्या गाड्यांत घातली गेली आणि २०१४ पासून जुन्या गाड्यांत सर्व्हिसिंगच्या वेळी, गाडी सुधारण्यासाठीचं अपडेट म्हणून.

रस्त्यावरची मोजणी

पकडलं कुणी? सरकारने नव्हे. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला युरोपला दाखवून द्यायचं होतं की कडक नियम असले की डिझेल स्वच्छ चालतं, पाहा अमेरिका. लाख डॉलरही नसलेल्या निधीत हे काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाला मिळालं. डॅनियल कार्डर यांच्या त्या छोट्या गटात भारतातून गेलेले दोन तरुण संशोधकही होते.

पद्धत सरळ होती. सायलेन्सरच्या तोंडाला नळी, तिथून डिकीत ठेवलेल्या वायू-विश्लेषकांपर्यंत जोडणी, सोबत धुराच्या प्रवाहाचा मापक, जीपीएस, तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर आणि हे सगळं चालवायला वेगळी वीज. प्रयोगशाळेतली उपकरणं छोटी करून डिकीत कोंबली की तिला पेम्स म्हणतात. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत फोक्सवॅगनच्या जेटा आणि पॅसाट आणि बीएमडब्ल्यूची एक्स५ चालवल्या. पॅसाट तर सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळाच्या, म्हणजे कार्बच्या, प्रयोगशाळेत याच गाड्या रोलरवरही तपासल्या.

रोलरवर सगळं ठीक. रस्त्यावर जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पॅसाट ५ ते २० पट. पहिला संशय स्वतःच्या उपकरणांवरच घ्यायचा असतो. पण त्याच उपकरणांनी एक्स५ चे आकडे बरोबर येत होते. शिवाय इंजिन तापलेलं असो, रस्ता सपाट असो, जेटाचा आकडा खाली येत नव्हता. उपकरण बिघडलं तर आकडे विखुरतात. इथे ते शिस्तीत वाईट होते.

मे २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात फसवणूक हा शब्द नाही, आकडे आहेत.

टोलवाटोलवी, आणि एकाने सांगितलं

पुढची सव्वा वर्ष कार्ब प्रश्न विचारत राहिलं आणि कंपनी तांत्रिक कारणं देत राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे पाच लाख गाड्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी परत बोलावल्या. मे २०१५ मध्ये कार्बने अपडेट केलेली गाडी पुन्हा तपासली. आकडे किंचित सुधारले, मर्यादेत आले नाहीत. तेव्हा कार्ब आणि ईपीएने हुकमाचं पान टाकलं: खुलासा होईपर्यंत २०१६ च्या डिझेल मॉडेलना प्रमाणपत्र मिळणार नाही.

१९ ऑगस्ट २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या एल मॉन्टे इथल्या बैठकीत फोक्सवॅगनच्या एका कर्मचाऱ्याने, वरिष्ठांच्या सूचना बाजूला ठेवून, कार्बच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की काही गाड्या रोलरवर आणि रस्त्यावर वेगळ्या चालतात. निवेदनात हे एकाच वाक्यात येतं, पण नऊ वर्षांच्या प्रकरणात ठरलेल्या ओळीबाहेर जाऊन नियामकाला सांगितल्याची ही पहिली नोंद. ३ सप्टेंबरला औपचारिक कबुली झाली. त्याच सुमारास जर्मनीत कंपनीच्या कायदे विभागाच्या एका वकिलाकडून कागदपत्रं जपण्याचा आदेश येणार असल्याची कुणकुण लागताच सुमारे ४० कर्मचाऱ्यांनी हजारो फायली पुसल्या.

एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, मालकांना आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर तपासायची कायदेशीर मुभा देण्याला ईपीएनेच विरोध केला होता. कारण दिलं होतं की लोक सॉफ्टवेअर बदलून प्रदूषण वाढवतील. कुलूप लावलेल्या खोलीत तेव्हा मालकाच्या आधी उत्पादकच शिरलेला होता.

'दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनीअर'

८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कंपनीच्या तिथल्या प्रमुखांनी सांगितलं की हे दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनीअरांचं काम होतं. ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या युनिटवर, काम केलेल्या कुणालाही हे पटणं अवघड. एका इंजिनाच्या युनिटमध्ये हजारो मापदंड असतात, त्यांची जुळणी म्हणजे कॅलिब्रेशन करणारी टीम वेगळी, सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी वेगळी, प्रमाणपत्रासाठी अर्ज भरणारा विभाग वेगळा. अमेरिकेत तर प्रदूषण-नियंत्रण बदलणारी प्रत्येक अट अर्जात जाहीर करून तिचं समर्थन द्यावं लागतं. म्हणजे कुणीतरी ती यादी तयार केली, त्यातून ही अट गाळली आणि कुणीतरी सही केली.

न्यायालयांनी जबाबदारी कशी वाटली ते पाहा. इंजिनीअर जेम्स लियांग यांनी २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तपासाला मदत केली. ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिने कैद आणि २ लाख डॉलर दंड. बचावाचा रोख होता कंपनीवरच्या निष्ठेवर. सरकारी वकिलांनी मागितलेल्या ३६ महिन्यांपेक्षा न्यायाधीशांनी जास्तच दिले. नियामकांशी बोलणारे व्यवस्थापक ऑलिव्हर श्मिट यांना डिसेंबर २०१७ मध्ये ७ वर्षं आणि ४ लाख डॉलर दंड. आउडीचे माजी प्रमुख रूपर्ट श्टाडलर यांना २०२३ मध्ये निलंबित शिक्षा आणि ११ लाख युरो. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी व्यवस्थापक आणि इंजिनीअरांना दोषी ठरवलं, त्यातल्या दोघांना प्रत्यक्ष कैद. विंटरकॉर्न यांचा खटला २०२४ मध्ये सुरू होऊन प्रकृतीच्या कारणाने थांबला. कंपनीने जगभरात ३० अब्ज युरोंहून जास्त मोजले. 'वरून आदेश होता' हे वाक्य शिक्षा ठरवताना उपयोगी पडलं असेल नसेल, दोषातून मात्र त्याने कुणाला सोडवलं नाही.

पुरवठादार बॉशची बाजू वेगळ्या कारणाने शिकण्यासारखी. चाचणीसाठी दिलेलं सॉफ्टवेअर विक्रीच्या गाडीत वापरणं बेकायदा ठरेल, असा लेखी इशारा बॉशने २००७ मध्येच दिल्याचं जर्मन वर्तमानपत्रांनी छापलं. तरीही २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या अभियोक्त्यांनी बॉशला ९ कोटी युरोंचा दंड केला आणि त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या गाडीमालकांशी ३२ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. इशारा देऊन माल पुरवत राहिलं की हात झटकता येत नाहीत.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. फोक्सवॅगनने याच प्रकारच्या आरोपावर १९७४ मध्ये १,२०,००० डॉलर भरले होते; तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं, तापमानाचे स्विच होते. १९९८ मध्ये ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांनी महामार्गावर नॉक्स वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एकूण सुमारे १ अब्ज डॉलरची तडजोड केली. नियम, व्याख्या, उदाहरणं, सगळं २००६ च्या त्या बैठकीआधी छापील स्वरूपात उपलब्ध होतं.

नुकसानीचाही हिशेब आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अंदाज मांडला की अमेरिकेतल्या २००८ ते २०१५ च्या जादा प्रदूषणामुळे सुमारे ५९ अकाली मृत्यू होतील. जर्मनीत विकलेल्या गाड्यांमुळे युरोपभर सुमारे १,२००, असं २०१७ चा पुढचा अभ्यास सांगतो. यांतल्या एकाही मृत्यूच्या दाखल्यावर गाडीचं नाव नसतं. कोड लिहिणाऱ्याला बळी दिसत नाही, ही या प्रकारच्या कामातली खरी अडचण.

चाकण, शेंद्रा आणि एआरएआयची टेकडी

भारतातल्या फोक्सवॅगन गाड्या चाकणला बनत होत्या, स्कोडा आणि आउडीची जुळणी औरंगाबादजवळ शेंद्र्याला. प्रकरण फुटल्यावर तपासणी आली वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयकडे. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर जिला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथली ही संस्था. रस्त्यावरच्या मोजणीत भारतातल्या तेव्हाच्या बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट नॉक्स आढळला. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावत असल्याचं जाहीर केलं: १,९८,५०० फोक्सवॅगन, ८८,७०० स्कोडा, ३६,५०० आउडी.

इथे पटींनी फसायला होतं. अमेरिकेत ४० पट, आपल्याकडे अडीच पट, म्हणजे आपल्याकडे किरकोळ, असं त्या वेळी बरेच जण बोलले. पण बीएस-४ ची डिझेल गाडीसाठी मर्यादाच किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती. तिची २.६ पट म्हणजे ६५० मिलिग्रॅम. अमेरिकी मर्यादेच्या १५ पट. आपला भाजक मोठा होता, म्हणून भागाकार लहान आला.

कंपनीचं म्हणणं असं की आमच्या गाड्या बीएस-४ च्या विहित चाचणीत बसतात आणि रस्त्यावरच्या मोजणीला तेव्हा भारतात निकषच नव्हता. दुसरा भाग खरा होता, आणि नेमका तोच नियमातला खड्डा. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने दिल्लीतल्या आरोग्यहानीपोटी १७१.३४ कोटी रुपये सुचवले. लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

मग टीममध्ये नेमकं काय करायचं

सॉफ्टवेअर इंजिनीअरांसाठी एसीएम आणि आयईईई या संस्थांनी १९९९ मध्ये केलेल्या आचारसंहितेत जनतेला किंवा पर्यावरणाला असलेला धोका योग्य अधिकाऱ्यांना कळवण्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे. भिंतीवर लावलेल्या संहितेने २००६ ची बैठक थांबली नसती. रोजच्या कामात अडथळा बनतील अशा गोष्टी लागतात.

सर्वांत उपयोगी म्हणजे अटींची नोंदवही. आउटपुट बदलणारी प्रत्येक अट, तिचं नाव, ती कोणत्या भौतिक कारणासाठी आहे, कारणाचा पुरावा आणि मंजुरी देणाऱ्याची सही. 'थंड इंजिनात ईजीआरमध्ये पाणी साचून गंज चढतो, म्हणून अमुक तापमानाखाली बंद' हे कारण आहे. त्याची चाचणी घेता येते आणि तापमानाचा आकडा वाजवीपेक्षा वर ठेवला असेल तर तो वादही करता येतो. 'चाचणीचा वक्र जुळला' हे भौतिक कारण होऊच शकत नाही, कारण वक्र ओळखल्याने धातूला काही होत नाही. नोंदवहीत तो रकाना रिकामा राहतो आणि तिथेच काम थांबवायचं. नाव बदललं नसेल तर तेही थांबवण्याचं कारण: फंक्शन जे करतं तेच त्याचं नाव हवं, उसनं घेतलं तर नाव नवं.

दुसरं, परीक्षा थोडी वाकडी घ्या. तोच वेगाचा आराखडा, पण इंजिन आधी तापवून. तोच, पण प्रत्येक वेग दहा टक्क्यांनी वाढवून. तोच, पण टप्प्यांचा क्रम उलटा. मधेच स्टिअरिंग फिरवून. २०१५ नंतर जर्मनीच्या वाहन प्राधिकरणाने अशाच वाकड्या चाचण्या घेऊन इतर कंपन्यांच्याही गाड्या तपासल्या. भौतिकशास्त्राने समजेल इतका, म्हणजे दीडपट-दुप्पट फरक आला तर चर्चा करा. दहापट आला तर कुठेतरी झेंडा आहे. हीच युक्ती गाडीबाहेरही चालते: २०१३ मध्ये काही फोन गती मोजणारं ॲप नावावरून ओळखून प्रोसेसर सुसाट सोडत होते, त्याच ॲपचं नाव बदलून चालवल्यावर ते उघडं पडलं.

तिसरं, हरकत. बैठकीत तोंडी घेतलेली हरकत बैठकीतच विरते. ती लिहून द्यायची आणि त्यात विशेषणं नकोत: सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणती अट, खरी आणि खोटी असताना आलेले दोन आकडे, लागू असलेलं कलम आणि उत्तराची मुदत. प्रत एका ठिकाणी तरी अशा विभागाकडे जावी ज्याचा बोनस त्या मॉडेलच्या विक्रीवर ठरत नाही. 'कागद फाडून टाका' असं उत्तर आलं तर पुढचा सल्ला घ्यायचा तो वकिलाकडे, टीमलीडकडे नव्हे. यात नोकरी जाऊ शकते. तुलनेला दुसऱ्या पारड्यात ४० महिने आहेत.

पुरवठादाराच्या टेबलावर बसलेल्यांसाठी, आणि पुण्या-बंगळूरमधलं बरंचसं काम याच टेबलावर चालतं, हिशेब आणखी कडक. ग्राहकाने मागितलेली अट कशासाठी, हे विचारण्याचा हक्क कामाच्या करारातच घाला. चाचणीपुरतं दिलेलं फंक्शन विक्रीच्या आवृत्तीत कंपाइलच होणार नाही अशी व्यवस्था करा. 'वापरू नका' असं पत्र पाठवून फंक्शन चालू ठेवलेलं बिल्ड देणं किती महाग पडतं, त्याचा आकडा वर आला आहे.

नियामकांनी त्यांच्या बाजूचा खड्डा बुजवायला घेतला. सप्टेंबर २०१५ मध्येच ईपीएने सर्व उत्पादकांना कळवलं की यापुढे वेगळ्या परिस्थितीतही तपासणी होईल; कोणत्या, ते सांगितलं जाणार नाही. युरोपने २०१७ पासून पेम्स लावून रस्त्यावरची चाचणी सक्तीची केली. भारतात बीएस-६ सोबत २०२० पासून अशी मोजणी नोंदीपुरती सुरू झाली आणि एप्रिल २०२३ पासून तिच्या निकालावर गाडीची मान्यता ठरू लागली. हे झालं नव्या मॉडेलचं. रस्त्यावर आधीच असलेली डिझेल गाडी पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसी केंद्रात जाते, ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजला जातो आणि पावती मिळते. नॉक्स तिथे मोजतच नाहीत.